बंड्याची गिरकी आणि अण्णांचा उजवा हात



पॅरालिसिसचा झटका येऊन गेलेल्या रुग्णाला घरी सोडताना नातेवाईक बहुतेक वेळा दोन प्रश्न विचारतात. "डॉक्टर, पथ्य काय?" आणि "हात परत चालेल का?" पहिल्याचं उत्तर कागदावर लिहून देता येतं. दुसऱ्याचं उत्तर झटका किती मोठा होता यावर आणि पुढचे काही महिने घरी काय घडतं यावर ठरतं. घोडं पेंड खातं ते इथेच. फिजिओथेरपिस्ट व्यायाम शिकवतात, पहिला आठवडा उत्साहात जातो, मग "आज राहू दे, उद्या बघू" सुरू होतं.

आजचा लेख कुत्र्याला गिरकी घ्यायला कसं शिकवायचं यावर आहे. विषय वाचून हसू येईल. पण कुत्र्याला खेळ शिकवणं आणि लुळ्या हाताला काम शिकवणं या दोन गोष्टींमागचं शास्त्र बरंचसं एकच आहे. ते मी पुस्तकात वाचलं होतं, आणि गेल्या वर्षी आमच्या सांगलीच्या घरात रोज सकाळ-संध्याकाळ पाहिलं.

हात गप्प का बसतो?

मेंदूची डावी बाजू शरीराची उजवी बाजू चालवते. डाव्या बाजूची रक्तवाहिनी गुठळीने बंद झाली की तिथल्या पेशी मरतात आणि उजवा हात-पाय कमजोर होतो. मेलेल्या पेशी परत येत नाहीत. मात्र आजूबाजूच्या पेशी हळूहळू नवी जोडणी करून त्यांचं काम थोडंफार उचलू शकतात. त्यासाठी त्या हाताने तीच हालचाल पुन्हा पुन्हा, शेकडो वेळा करावी लागते. सुधारणेचा वेग पहिल्या तीन ते सहा महिन्यांत सर्वांत जास्त असतो. पुढेही सुधारणा होते, पण संथपणे.

अडचण अशी की पहिल्या काही आठवड्यांत हात ऐकतच नाही. रुग्ण चमचा उचलायला जातो, चमचा पडतो. पेला धरायला जातो, पाणी सांडतं. दुसरीकडे डावा हात सगळी कामं पटकन करून देतो. मेंदू यातून धडा घेतो, की उजव्याच्या वाटेला जाऊ नये. पुढे उजव्या हातात थोडी ताकद आली तरी ही सवय राहते. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ एडवर्ड टॉब यांनी याला 'शिकलेला न-वापर' म्हटलं. त्यांचे सुरुवातीचे प्रयोग माकडांवर होते आणि त्यावरून तिकडे मोठा वादही झाला. पण त्यातून निघालेली उपचारपद्धत आज जगभर वापरली जाते. चांगल्या हाताला जाड मोजा घालून बांधून ठेवायचं आणि कमजोर हाताकडून सोप्यातून अवघडाकडे जात कामं करून घ्यायची. २००६ साली अमेरिकेत झालेल्या २२२ रुग्णांच्या अभ्यासात, झटका येऊन तीन ते नऊ महिने झालेल्या लोकांनाही या पद्धतीचा फायदा झाला आणि तो वर्षभरानंतरही टिकून होता.

'सोप्यातून अवघडाकडे' या भागाला टॉब यांनी जो शब्द वापरला तो आहे 'शेपिंग', म्हणजे टप्प्याटप्प्याने घडवणं. हा शब्द प्राण्यांना शिकवणाऱ्या शास्त्रातून आला. बी. एफ. स्किनर यांनी कबुतरं आणि उंदरांवर काम करताना तो रूढ केला. १९५१ साली त्यांनी सामान्य वाचकांसाठी एक लेखही लिहिला होता, प्राण्यांना घरी कसं शिकवावं यावर. कुत्रा आणि लुळा हात एकाच शाळेचे विद्यार्थी आहेत, ते असे.

आमच्या घरात

माझे वडील, अण्णा, एकोणऐंशी वर्षांचे. एस.टी.च्या डेपोत एकतीस वर्षं मेकॅनिक होते. रक्तदाब आणि मधुमेह जुना. गेल्या श्रावणात त्यांना डाव्या मेंदूचा झटका आला. वेळेत रुग्णालयात पोचल्याने जीव वाचला, चालणंही महिन्याभरात काठीवर आलं. उजवा हात मात्र मांडीवर पडून राहायचा. बोटं थोडी हलायची, मनगट थोडं उचलायचं, पण अण्णा ते वापरायला तयार नव्हते. जिभेवरही परिणाम होता, शब्द जड यायचे.

फिजिओथेरपिस्ट ताई एक दिवसाआड यायच्या. लाकडी ठोकळे एका डब्यातून दुसऱ्या डब्यात टाकायला द्यायच्या. चौथ्या आठवड्यात अण्णांनी डबा डाव्या हाताने बाजूला सारला. म्हणाले, "हे बालवाडीचं काम मला सांगू नका. ज्या हातानं इंजिन उतरवलं त्या हातानं ठोकळे उचलू?"

हा नुसता हट्ट नव्हता. झटक्यानंतर साधारण तीनपैकी एका रुग्णाला नैराश्य येतं. रुग्ण "मला उदास वाटतं" असं म्हणत नाही. तो व्यायाम टाळतो, चिडतो, टीव्हीकडे नुसता बघत बसतो. अण्णांच्या न्यूरॉलॉजिस्टनी त्यासाठी औषध सुरू केलं, आणि ते गरजेचं होतं. पण औषधाने हात चालत नाही. दिवस जात होते, आणि पहिल्या तीन-सहा महिन्यांचा हिशोब मला कुणी वेगळा सांगायची गरज नव्हती.

त्याच सुमारास दिवाळीच्या सुट्टीला मुलगी घरी आली होती. आमच्याकडे बंड्या नावाचा गावठी कुत्रा आहे, दोन वर्षांचा, तांबूस रंगाचा. तिने त्याला चार दिवसांत गिरकी घ्यायला शिकवलं. अण्णा खुर्चीतून बघायचे. पाचव्या दिवशी ताई आल्या तेव्हा बंड्या अण्णांच्या पायाशी बसून त्यांच्या बिस्किटाकडे टक लावून होता. ताई म्हणाल्या, "आजोबा, त्याला उजव्या हातानं फिरवून दाखवा की."

अण्णांनी हात उचलला. डबा बाजूला सारल्यापासून पहिल्यांदाच.

गिरकी कशी शिकवायची

आधी साधी रीत सांगतो. घरात कुत्रा असेल तर लहान-मोठे कुणीही करू शकतात.

१. गुळगुळीत फरशीवर करू नका, सतरंजी अंथरा. कुत्र्याचे पाय घसरले की तो घाबरतो आणि सांधेही दुखावतात.

२. खाऊ हरभऱ्याच्या दाण्याएवढा घ्या. उकडलेलं बिनमिठाचं चिकन किंवा गाजर चालतं. दिवसभरातला असा खाऊ त्याच्या एकूण आहाराच्या दहाव्या हिश्शापेक्षा जास्त नको.

३. खाऊ चिमटीत धरून त्याच्या नाकाजवळ न्या आणि हात हळूच बाजूला वळवा. नाक खाऊच्या मागे जातं आणि नाकामागे मान. पहिल्या दिवशी एवढंच पुरे. मान वळली त्याच क्षणी "शाब्बास" म्हणा आणि खाऊ द्या.

४. मग पाव वर्तुळ, अर्धं, पाऊण, पूर्ण. दोनदा चुकला तर एक पायरी खाली उतरा.

५. पूर्ण गिरकी जमली की रिकाम्या हाताने तोच इशारा करा आणि खाऊ दुसऱ्या हातातून द्या. नाहीतर तो फक्त खाऊ दिसला तरच फिरतो.

६. मग इशारा लहान करत न्या. इशाऱ्याच्या जरा आधी "फिर" हा शब्द एकदाच म्हणा. "फिर, फिर, फिर रे" असं म्हटलं तर शब्दाला किंमत उरत नाही.

७. एका वेळी तीन ते पाच मिनिटं. त्याला अजून हवंसं असतानाच थांबा.

यात सर्वांत महत्त्वाची गोष्ट वेळ. बक्षीस एक-दोन सेकंदांच्या आत मिळालं पाहिजे. उशीर झाला तर तोवर कुत्रा बसलेला असतो किंवा कान खाजवत असतो, आणि बक्षीस त्या खाजवण्याला मिळतं. "शाब्बास" हा शब्द इथे कामी येतो. इव्हान पावलोव्ह यांना १९०४ सालचं नोबेल पारितोषिक पचनक्रियेवरच्या कामासाठी मिळालं. पण लोकांच्या लक्षात राहिले ते त्यांचे कुत्रे. अन्नाशी जोडलेली खूण मिळाली की त्यांच्या तोंडाला अन्नाआधीच पाणी सुटायचं. शाब्बासकी आणि खाऊ अशी जोडी दोन दिवस लावली की "शाब्बास" हा आवाजच बक्षीस होतो. खाऊ काढायला क्षणभर उशीर झाला तरी चालतं.

कुत्र्याला हाताने ढकलून फिरवू नका, पट्टा ओढू नका, मारू तर मुळीच नका. घाबरलेला कुत्रा शिकत नाही. तो थिजतो किंवा चावतो.

अण्णा आणि बंड्या

आता गंमत अशी झाली की मुलीसमोर झकास गिरकी घेणारा बंड्या अण्णांसमोर ढिम्म. कुत्र्यांचं असंच असतं. एका माणसाकडून, एका जागी शिकलेलं ते दुसऱ्या माणसासमोर आपोआप करत नाहीत. पुन्हा पहिल्या पायरीपासून जावं लागतं. त्यातून अण्णांचा हात थरथरत होता आणि वर्तुळाऐवजी हवेत वेडीवाकडी रेघ निघत होती.

दुसरी अडचण आणखी मजेची. अण्णांच्या चिमटीतून चिकनचा तुकडा खाली पडायचा. बंड्याने दोन दिवसांत हिशोब मांडला, की फिरण्यापेक्षा गप्प बसून राहिलं तर तुकडा आपणहून पडतो. तो बसून वाट बघू लागला. वागण्यामागोमाग चांगलं काही मिळालं की ते वागणं वाढतं, हा नियम एडवर्ड थॉर्नडाइक यांनी मांजरांना पेटीत ठेवून केलेल्या प्रयोगांतून मांडला होता. बंड्या तो नियम तंतोतंत पाळत होता.

अण्णा हसले. बऱ्याच दिवसांनी हसले. म्हणाले, "लबाड आहे. माझा हात कधी सुटतो ते ओळखून बसलाय."

ताईंनी मग पायरी उतरवली. चिमूट अवघड आहे ना, मग मूठ घेऊ. गाजराची वीतभर जाड काडी अण्णांच्या मुठीत दिली. ती पडत नव्हती. अण्णा हातांच्या खुर्चीत बसायचे, बंड्याचं नाक साधारण त्यांच्या गुडघ्याच्या उंचीवर यायचं. काडी त्याच्या नाकाशी नेऊन हात पाव वर्तुळ न्यायचा, एवढंच काम. बंड्याची मान वळली की मुलगी "शाब्बास" म्हणायची आणि अण्णा काडीचा एक घास त्याला तोडू द्यायचे. बंड्या पाव वर्तुळ शिकत होता आणि अण्णांचा खांदा व कोपरही पाव वर्तुळच शिकत होते.

आठवड्याने काडी बारीक झाली. मग अर्धी. मग बोटाच्या पेराएवढी. मूठ सुटून तीन बोटांत आली. मुलगी सुट्टी संपून गेली तेव्हा "शाब्बास" म्हणायचं काम अण्णांवर आलं. "फिर" म्हणताना त्यांचा फ उमटत नव्हता, कारण ओठ एका बाजूने नीट मिटत नव्हता. बंड्याला त्याने फरक पडला नाही, तो हाताच्या खुणेवर फिरत होता. शब्द त्याच्या कानाला कळेल इतका स्पष्ट व्हायला आणखी महिना लागला.

अण्णांनी कॅलेंडरवर नोंद सुरू केली. डेपोत प्रत्येक गाडीचं जॉब कार्ड असायचं, तसं. सकाळी किती गिरक्या, तुकडा किती वेळा पडला. "काल नऊ पडले, आज चार," असं ते मला संध्याकाळी सांगायचे. यात नुसती हौस नव्हती. मेंदूला "छान, छान" असं कौतुक फारसं कामाचं नसतं. नेमकं काय जमलं आणि कालच्यापेक्षा किती जमलं, ही माहिती त्याला लागते. ठोकळ्यांच्या डब्यात ती मिळत नव्हती. ठोकळा पडला काय आणि न पडला काय, कुणाचं अडत नव्हतं. इथे समोर एक प्राणी शेपूट हलवत वाट बघत होता, आणि हात नीट फिरला तरच तो फिरत होता.

सकाळ, दुपार, संध्याकाळ, प्रत्येकी पाच मिनिटं. प्रत्येक वेळी पंधरा-वीस गिरक्या. म्हणजे दिवसाला पन्नासेक वेळा खांदा, कोपर, मनगट आणि चिमूट एकत्र काम करायची. ताईंचे बाकीचे व्यायामही त्यांनी पुन्हा सुरू केले, कारण "बोटं उघडली नाहीत तर याला द्यायचं कसं" हे आता त्यांना स्वतःला पटलं होतं.

खरं चित्र सांगतो. आज अण्णा उजव्या हाताने चमच्याने उपमा खातात. दाराची कडी काढतात. शर्टाची बटणं जमत नाहीत, सहीला वेळ लागतो, आणि पाना धरून नट आवळणं होणार नाही. किती सुधारणा बंड्यामुळे, किती फिजिओमुळे आणि किती मेंदूच्या आपल्या गतीने झाली, हे एका माणसावरून कुणीच वेगळं करून सांगू शकत नाही. मी एवढंच सांगू शकतो, की डबा बाजूला सारलेला हात पुन्हा कामाला लागला आणि लागून राहिला.

खाऊ देताना सांभाळा

माणसाच्या ताटातल्या काही गोष्टी कुत्र्याला विष आहेत. आमच्या भागात पहिली सांगायला हवी ती द्राक्षं आणि बेदाणे. सांगली-तासगावकडे घरात बेदाण्याची बरणी असतेच. थोड्या बेदाण्यांनीही कुत्र्याची किडनी निकामी होऊ शकते. कांदा आणि लसूण त्याच्या तांबड्या पेशी फोडतात, म्हणून रश्श्यातलं चिकन देऊ नका. चॉकलेट हृदयाला आणि मेंदूला घातक. मधुमेह असलेल्या घरांत आणखी एक धोका असतो. काही शुगर-फ्री च्युइंगगम आणि गोळ्यांत झायलिटॉल असतं. माणसाला ते चालतं, पण कुत्र्याच्या शरीरात त्याने एकदम इन्सुलिन सुटतं, साखर झपाट्याने उतरते आणि लिव्हरलाही इजा होते. असं काही खाल्लं तर लक्षणांची वाट न बघता पशुवैद्यांकडे न्या.

रुग्णासाठी काळजी

- फिजिओथेरपिस्टना विचारल्याशिवाय सुरू करू नका. खांदा दुखत असेल, सांध्यातून उतरत असेल किंवा हातात अजिबात हालचाल नसेल तर हा प्रकार योग्य नाही.
- रुग्णाने हातांच्या खुर्चीत बसूनच करावं. पायात घोटाळणारा कुत्रा हे वयस्कर माणसं पडण्याचं एक कारण आहे. दुसऱ्या कुणीतरी पट्टा धरावा.
- कुत्रा घरचा, शांत आणि खाऊवर झडप न घालणारा असावा. रुग्णासाठी म्हणून नवीन पिल्लू आणू नका. पिल्लाचे दात, नखं आणि धावपळ रुग्णाला झेपत नाही.
- झटक्यानंतर बहुतेकांना रक्त पातळ ठेवणारी गोळी असते. साध्या ओरखड्यातूनही रक्त जास्त वाहतं. कुत्र्याची नखं कापलेली ठेवा.
- कुत्र्याला रेबीजची लस दरवर्षी आणि जंतांचं औषध वेळेवर द्या. खेळानंतर हात साबणाने धुवा. मधुमेह असेल आणि हाताला बधिरपणा असेल तर हातावर जखम नाही ना हे रोज बघा.
- दात किंवा नख लागून कातडी फुटली तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी दवाखान्यात जा. हळद, मिरची, चुना काही लावू नका. "घरचाच आहे" म्हणून थांबू नका. लशीचं डॉक्टर ठरवतील.

घरात कुत्रा नसेल तर

कुत्रा नसेल तरी काही अडत नाही. रुग्णाला अशी कामं द्या ज्यांचा कुणाला तरी उपयोग आहे. शेंगदाणे सोलणं, लसणाच्या पाकळ्या सुट्या करणं, नातवाच्या पत्त्यांचा डाव वाटणं, तुळशीला छोट्या तांब्याने पाणी घालणं. काम इतकं सोपं करा की दहापैकी सात-आठ वेळा जमेल. जमायला लागलं की किंचित अवघड करा. चुकलं तर रागवू नका, एक पायरी खाली या. थकण्याआधी थांबा. जमलेलं मोजा आणि त्याच वेळी सांगा. आणि घाईत असलात तरी त्यांच्या हातातलं काम काढून घेऊन स्वतः करू नका. हे सगळ्यात अवघड आहे, कारण आपण ते प्रेमापोटी करतो.

शेवटी नेहमीची आठवण. चेहरा एका बाजूला वाकडा झाला, एक हात उचलेना, बोलणं अडखळलं, यातलं एकही लक्षण अचानक दिसलं तर सीटी स्कॅनची सोय असलेलं रुग्णालय तडक गाठा. गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन लक्षणं सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आतच देता येतं, आणि जितकं लवकर तितका मेंदू जास्त वाचतो. जितका मेंदू वाचेल, तितकं नंतर हाताला शिकवणं सोपं जातं.

काळजी घ्या.